रणाईचा पदर

रणाई या आमच्या गावच्या तोफेत दरवर्षी सतरा सप्टेंबरला एक मापटे बंदुकीची दारू ठासली जात असे आणि तोफ बिनघोर उडत असे. ज्या वर्षी अर्धेच मापटे ठासले, त्या वर्षी ती फुटली.

आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर मी पडक्या गढीच्या चौथऱ्यावर उभी होते. महेबूब गोलंदाज तोफेपाशी उकिडवा बसला होता. त्याने लाकडी हातोडी माझ्या हातात दिली.

"ताई, तुम्ही लोखंडाच्या डॉक्टरीण. जरा हिची नाडी बघा."

त्याचे म्हणणे फारसे चुकीचे नव्हते. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी तुटलेल्या यंत्रभागांची तपासणी करत असे. एखादा दांडा कोठून व कशाने तुटला, हे त्याच्या तुटलेल्या कडा पाहून सांगणे हे माझे काम. मी तोफेच्या अंगावर तीनचार ठिकाणी हातोडी वाजवली. आवाज खणखणीत आला.

"भेग वाटत नाही," मी म्हणाले. "पण हे ओतीव लोखंड आहे, महेबूबभाई. हे आधी वाकून इशारा देत नाही. तुटायचं तेव्हा एकदम तुटतं."

"म्हणूनच म्हणतो, औंदा अर्धंच मापटं घालू. म्हातारीला किती दमवायचं?"

माझा धाकटा भाऊ विश्वंभर चौथऱ्याच्या कडेला पाय सोडून बसला होता. तो हसला. "अर्ध्या मापट्यात आवाज काय येईल? पादल्यावानी!"

"कमी पडला तर तू ओरड, विशू. पोरगं झाल्यापासून तसाही गावभर ओरडतच हिंडायलास."

विशू लाजला. लग्नाला बरीच वर्षे झाल्यावर त्याला त्या उन्हाळ्यात मुलगा झाला होता.

रणाईची हकिकत मला लहानपणापासून पाठ होती. निजामाचे राज्य संपण्याच्या आधीच्या पावसाळ्यात रझाकारांची टोळी आमच्या वाघदऱ्यावर चालून आली. गावात दोन बंदुका होत्या आणि गढीच्या दारात, बैल बांधायला अर्धी पुरलेली, ही तोफ होती. ती उपटून चौथऱ्यावर चढवली बंदगीसाहेब गोलंदाज यांनी. त्यांच्या पूर्वजांनी गढीची तोफखान्याची चाकरी केली होती. गोळे नव्हते, म्हणून माझे आजोबा ग्यानोबा यांनी घराघरांतून नांगराचे फाळ, नाल आणि खिळे गोळा करून पाटीतून वर आणले. शेवटची पाटी उतरवताना त्यांना गोळी लागली आणि ते तोफेच्या डाव्या अंगाला पडले. बंदगीसाहेबांनी बत्ती दिली. टोळी परत फिरली. ज्यांनी ज्यांनी मला ही हकिकत सांगितली, त्या प्रत्येकाचा रझाकारांचा आकडा वेगळा होता. तोफ एकदाच उडाली, यावर मात्र सर्वांचे एकमत होते.

पुढे पोलीस कारवाई झाली, राज्य बदलले, आणि बाहेरगावची माणसे मुसलमानांवर सूड उगवायला गावोगाव फिरू लागली. ती वाघदऱ्यातही आली. ग्यानोबांच्या विधवेने, म्हणजे माझ्या आजीने, बंदगीसाहेबांना धान्याच्या पेवात उतरवले आणि पेवाच्या तोंडावर फरशी ओढून तिच्यावर जाते मांडून दळत बसली. माणसे घर धुंडाळून गेली.

त्यानंतरच्या वर्षापासून तोफ ही देवी झाली. सतरा सप्टेंबरला, म्हणजे मुक्तिदिनी, तिला शेंदूर, तेल, साडी. तोफ ठासायची ती गोलंदाजाच्या घराने. बत्ती द्यायची ती ग्यानोबांच्या वंशाने; आणि बत्ती देऊन झाली की आजोबा पडले तेथे बसवलेल्या दगडावर उभे राहून झेंड्याला सलामी द्यायची. महेबूब हा बंदगीसाहेबांचा मुलगा. विशू हा ग्यानोबांचा नातू.

इतर वर्षी क्रम ठरलेला असे. आदल्या संध्याकाळी बायका देवीला साडी नेसवीत, तिचा पदर तोफेच्या तोंडावरून ओढून घेत, आणि ओट्या त्या पदराच्या पायथ्याशी ठेवीत. सकाळी गुरव साडी उतरवी. मग महेबूब नळीतून गज फिरवून ती साफ करी, दारू ठाशी आणि बार काढी. त्या वर्षी जिल्ह्याहून कॅमेरावाले येणार होते आणि त्यांना साडी नेसलेली तोफ उडताना हवी होती. तेव्हा सरपंच नामदेवराव यांनी ठरवले की दारू आदल्या दिवशीच ठासावी, मग साडी नेसवावी, आणि सकाळी पदर बारानेच उडू द्यावा.

"सकाळी गज फिरवल्याबिगर मी कधी बार काढला नाही, नामदेवराव," महेबूब म्हणाला.

"मग आत्ता फिरव की."

"आत्ता फिरवलाय. पण रातभर ती उघडी राहणार."

"उघडी कुठं? पदर असतो की तोंडावर. देवीचा पदर उचलायची कोणाची हिंमत हाय? आन दोन माणसं बसवतो पहाऱ्याला. झालं?"

महेबूबने खांदे उडवले. त्याने अर्धे मापटे दारू आत सोडली, तिच्यावर गवताचा बोळा सारला, गजाने ठासला, आणि दोन्ही तळवे वर करून दाखवले. "भरली."

तेवढ्यात आई साडी घेऊन आली. तिच्याबरोबर पाचसहा बायका. माझी आई गयाबाई ठेंगणी. चौथऱ्यावर चढताना तिला विशूच्या हाताचा आधार लागला. साडी नेसवताना तिने कोणालाही निऱ्यांना हात लावू दिला नाही.

"वैजू, हात तरी जोड," ती मला म्हणाली.

"आई, हे लोखंड आहे."

"लोखंडानंच वाचवलं ना आपल्याला? का तुझ्या पुस्तकानं?"

बायका हसल्या. मी हात जोडले नाहीत. आईने त्याची अपेक्षाही केली नव्हती. आदल्या आठवड्यात मी तिला सोलापूरहून एक हिरवा खण आणून दिला होता, लाल काठाचा, चोळी शिवायला. तिने तो दिव्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला होता आणि म्हणाली होती, "हा माझ्या अंगाला नाही. ह्याला दुसरी धनीण हाय." मी त्याचा अर्थ विचारला नाही. सुनेला देणार असेल असे मला वाटले.

सकाळी आभाळ स्वच्छ होते. कॅमेरावाले उशिरा आले. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झाले, हलगी कडकडली. बायका उजवीकडे गढीच्या ओट्यावर होत्या. आई नातवाला मांडीवर घेऊन सर्वांत पुढे. महेबूब, नेहमीप्रमाणे, मागच्या भिंतीआड उभा होता. तो त्याच्या वडिलांचा दंडक होता: ठासणाऱ्याने बार होताना तोफ बघायची नाही, ऐकायची.

विशूने वातीला काकडा लावला. वात लांब होती. तो चार पावले पुढे आला, आजोबांच्या दगडावर उभा राहिला आणि त्याने उजवा हात कपाळाला लावला.

आवाज एकाऐवजी दोन आले, एकमेकांना चिकटून. पहिला ओळखीचा होता. दुसरा कोरडा, भांडे फुटावे तसा. धुराच्या आत काहीतरी लाल दिसले, ती साडी होती. माझ्या डोक्यावरून लोखंड गेले आणि मागच्या भिंतीत शिरले. त्याचा सुस्कारा मी स्पष्ट ऐकला. हलगीवाला खाली बसला आणि आपल्या मांडीकडे पाहू लागला, कारण मांडीचे हाड बाहेर आले होते.

विशू अजून उभा होता. त्याचा सलामीचा हात जागेवर होता. हाताखाली, मानेच्या उजव्या बाजूला, तळहाताएवढा तुकडा रुतला होता आणि त्याच्या कडेने रक्त ठरावीक अंतराने उसळत होते. मग तो गुडघ्यांवर आला, आणि मग त्याच दगडावर पालथा झाला. मी त्याच्यापर्यंत पोहोचले तेव्हा उसळी कमी झाली होती. नातवाला शेजारच्या बाईच्या हातात देऊन आई माझ्या आधी पोहोचली होती. तिने आपल्या पदराचा बोळा करून जखमेत कोंबला आणि वर दोन्ही हातांनी भार देऊन बसली. "विशू, थांब हं, बाळा. थांब," ती म्हणत होती. तो थांबला नाही.

"ह्यानं दारू जास्त भरली!"

हे धोंडिराम ओरडला. धोंडिराम हा विशूचा बालमित्र. झेंड्याची दोरी अजून त्याच्या हातात होती. "भिंतीमागं लपला होता! ठाऊक होतं त्याला!"

महेबूब भिंतीआडून पळत बाहेर येत होता, तो विशूकडे येत होता. चौथऱ्याच्या पायरीवरच त्याला धरले. प्रथम थपडा, मग मांडवाचे बांबू. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता: "अर्धं होतं, अर्धंच होतं." कोणीतरी गज उचलला. ज्या गजाने तो दारू ठाशी, त्याच गजाने त्याच्या उजव्या मनगटावर घाव घातला आणि मनगट भलत्या बाजूला वळले. तो खाली पडल्यावर लाथा सुरू झाल्या. त्याच्या तोंडातून रक्त आणि एक दात बाहेर आला.

"रझाकाराची अवलाद!" धोंडिराम म्हणाला. ज्याच्या बापाच्या बत्तीने रझाकार पळाले, त्या माणसाला तो हे म्हणत होता आणि ही हकिकत मला जितकी पाठ होती तितकीच त्यालाही होती.

"घर पेटवा ह्याचं!"

एक तरुण मोटारसायकलच्या टाकीची नळी काढून बाटलीत पेट्रोल धरू लागला. महेबूबच्या घरात त्याची बायको होती, दोन मुली होत्या, आणि लग्नाच्या हंगामासाठी आणलेली शोभेची दारू पोत्यांनी भरलेली होती.

अर्धंच होतं, मी बघितलंय, असे मी ओरडले, पण काही उपयोग झाला नाही. मग मला जे सुचले ते मी विचार करून केले असे म्हणता येणार नाही. गर्दीत घुसून मी महेबूबच्या अंगावर आडवी बसले. एक बांबू माझ्या खांद्यावर पडला आणि हाताला मुंग्या आल्या.

"ऊठ, वैजू," धोंडिराम म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते. "तुझाच भाऊ मेलाय!"

"माझाच मेलाय. म्हणून मला बघू दे कशानं मेला. तेवढं झालं की मार ह्याला. मला पण मार."

ग्यानोबांच्या नातीवर दुसरा घाव घालायला कोणी पुढे आले नाही. मी सरपंचांना हाक मारली. "नामदेवराव, तुम्ही बसा इथं. माझ्या जागी."

"मी?"

"तुमच्याच सांगण्यावरून काल ठासली ना? बसा."

नामदेवराव धोतर सावरून महेबूबच्या शेजारी मातीत बसले आणि त्यांनी एक हात त्याच्या छातीवर ठेवला. मी धोंडिरामचा दंड धरून त्याला तोफेपाशी नेले.

"हात लाव," मी म्हणाले. "हा बुडखा. दारू इथं असते. जास्त झाली असती तर तोफ इथं फाटली असती. फाटलीय का?"

त्याने हात फिरवला. बुडखा जसाच्या तसा होता. वातीच्या भोकाभोवती नेहमीचा काळा डाग, एवढेच.

"मग कुठं फुटली?"

"हे बघ." बुडख्यापासून पुढे मध्यापर्यंत नळी शाबूत होती. तेथून पुढचा भाग फुटून उडाला होता, आणि अगदी शेवटचे कडे, म्हणजे तोफेचे तोंड, समोर पडले होते. अर्धे मापटे दारू ज्या नळीला काही करू शकत नाही, ती नळी वाटेत फुटते ते एकाच कारणाने: वाटेत काहीतरी अडकलेले असते. जोराने येणारा वायू त्या अडथळ्यावर आपटतो, क्षणभर तेथेच तुंबतो, आणि त्या ठिकाणी दाब कितीतरी पटींनी वाढतो. हे मी धोंडिरामला समजावू लागले. पण त्याचा चेहरा पाहून थांबले आणि फुटलेले तुकडे उचलू लागले.

तिसऱ्या तुकड्याच्या आतल्या अंगाला तांदूळ चिकटले होते. करपलेले, लोखंडात दाबून बसलेले, पण दाणा ओळखू येत होता. चौथ्याला नारळाची करवंटी. मातीत हिरव्या बांगड्यांची काच. आणि तोंडाच्या कड्याला अडकून राहिलेली कापडाची चिंधी, अर्धी जळालेली. हिरवी. काठ लाल.

गर्दी आता आमच्याभोवती जमली होती. चिंधी सर्वांनी पाहिली, पण ती कोणाची हे तेथे फक्त दोघांना कळले. महेबूबने मान उचलून ती पाहिली होती, तांदूळ पाहिले होते, आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिले होते.

"ताई," तो फुटक्या ओठांनी म्हणाला, "तिला नका विचारू."

"कोणाला?" धोंडिरामने गर्रकन वळून विचारले. "कोणाला नका विचारू? कोणाला वाचवायलाय हा?"

त्याने गज पुन्हा उचलला. पेट्रोलची बाटली भरत आली होती. महेबूबच्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर दहापंधरा माणसे अगोदरच उतरली होती.

मी तुकडा खाली ठेवला. आई विशूचे डोके मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याच्या केसांतली माती काढत होती. आमच्यात फार अंतर नव्हते. प्रयोगशाळेत मी कोणाला विचारीन तशा आवाजात मी विचारले.

"आई, मी आणलेला हिरवा खण कुठं आहे?"

तिने वर पाहिले. असल्या वेळी मी खणाची चौकशी करावी याचे तिला नवल वाटले असावे.

"रणाईला भरला की," ती म्हणाली. "ओटीत. नवस होता माझा. विशूच्या घरी पाळणा हलू दे, तुझी ओटी तुझ्या पोटात भरीन, असं बोलले होते. सगळ्याजणी तर पायाशीच ठेवतात. पायाशी ठेवलेली गुरव नेतो. पोटातली कोण नेतो?"



"पहाऱ्यावरच्यांनी बघितलं नाही?" धोंडिरामचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"त्यांना म्हणलं, तोंड फिरवा, बाईमाणूस ओटी भरतंय. फिरवलं त्यांनी. नारळ निसटून बाहेर यायलता. म्हणून खणात गच्च बांधला आन जेवढा गेला तेवढा आत रेटला. मग पदर नीट केला."

हे सांगताना तिने उजवा हात पुढे करून दाखवला, कसा रेटला ते. हात तसाच हवेत राहिला. तिच्या चोळीची बाही दंडापासून काखेपर्यंत आदल्या रात्रीच्या काजळीने आणि तेलाने काळी झाली होती. त्यावर आता विशूचे रक्त होते. तिने त्या बाहीकडे पाहिले. मग तोफेकडे. मग मांडीवरच्या डोक्याकडे. तिने तो हात हळूच पाठीमागे नेला आणि एका हातानेच विशूच्या केसांतली माती काढू लागली.

धोंडिरामने गज ठेवला. ठेवण्याचा आवाज सर्वांना ऐकू आला. कोणीतरी वाटेवरच्या माणसांना हाका मारत धावले. पेट्रोल धरणारा तरुण बाटली पायाशी ओतून देऊन उभा राहिला.

विशूला, महेबूबला आणि हलगीवाल्याला एकाच ट्रकमधून तालुक्याला नेले. वाटेत आई महेबूबच्या उशाशी सरकली.

"महेबूब, मी..."

"मावशी, गज मी फिरवला नाही," तो म्हणाला. "सकाळी फिरवला असता तर नारळ हाताला लागला असता. फोडून खाल्ला असता आपण."

त्याचे मनगट वाकडेच जुळले. धोंडिराम त्याच्या घरी गेला, तो दोन वर्षांनी. काय बोलणे झाले ते दोघांपैकी कोणीही सांगितले नाही. तोफ पुन्हा ओतावी अशी सूचना आली होती, ती बारगळली. सतरा सप्टेंबरला आता बुडख्याला हार घालतात, आणि आईच्या हयातीत त्या दिवशी आमच्या घरची शिदोरी गोलंदाजांकडे जात असे. आई पुढे पुष्कळ जगली. तिने उजव्या हाताने पुन्हा कोणाची ओटी भरली नाही. माझ्याशी याविषयी ती एकदाच बोलली. "तुला तपासता येतं ना सगळं," ती म्हणाली. "मग नीट तपासून ठेव. उद्या कोणी गोलंदाजाचं नाव घ्यायला नको."

म्हणून मी तुकडे पुण्याला नेले आणि जोडून पाहिले. लोखंडात जुनी भेग नव्हती. दारू अर्धे मापटेच होती आणि ती चांगली होती. नळीच्या आत तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि बांगड्या यांचा खणात बांधलेला घट्ट बोळा होता, आणि तोफ त्या बोळ्यापाशीच फुटली. फुटीची सुरुवात जेथे झाली ती जागा तोफेच्या तोंडापासून आत, माझ्या आईचा हात काखेपर्यंत घातला असता बोटे जेथे टेकतात, तेथे आहे.